थंबपिक लावावं की अंगठा उघडाच ठेवावा?

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं स्टीलच्या तारांच्या गिटारवर फिंगरस्टाईल, म्हणजे बोटांनी तारा छेडून, वाजवतेय. सगळं शिकणं उघड्या बोटांनीच झालं. उजव्या हाताची नखं बोटापुढे जेमतेम मिलिमीटरभर, अंगठ्याचं तर तेवढंही नाही. संथ रचना वाजवत होते तोवर काही तक्रार नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मात्र आलटून-पालटून बास (खर्जाचे सूर) असलेली एक रचना बसवायला घेतली. अंगठा सहाव्या (सर्वांत जाड) आणि चौथ्या तारेवर अखंड ठेका धरणार आणि तर्जनी-मधलं बोट बारीक तारांवर चाल वाजवणार. तिथे गाडी अडली. माझ्या अंगठ्याचा ठोका बोदा येतो. सूर लागतो, पण त्याला सुरुवातच नसते. भिंतीवर ओला कपडा आपटावा तसा आवाज.

म्हणून थंबपिक (पट्ट्याने अंगठ्यावर चढवायचं, तार छेडायचं पातं) आणलं. पहिल्याच दिवशी बास असा काही खणखणला की वाटलं, सापडलं! मग फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तर नुसता बासच ऐकू येत होता, चाल कुठेतरी मागे पडलेली. शिवाय पिकचं पातं पाचव्या तारेत अडकतं. दहा मिनिटांत पिक अंगठ्याभोवती फिरून भलतीकडे तोंड करतं. घट्ट बसणारं घेतलं तर अंगठ्याचं टोक जांभळं पडतं. आणि बोटांचं काय बिनसलंय तेच कळत नाही. जी तर्जनी तीन वर्षं न बघता तिसऱ्या तारेवर जायची, ती आता हवेत फिरते किंवा दुसरीलाच लागते.

गिटार ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची) आहे, तारा १२-५३ च्या (सर्वांत बारीक ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३ इंच).

हे सगळं सवयीने सुटतं का? की आपला हात उघड्या बोटांचाच, असं मानून पिक ठेवून द्यावं? ज्यांनी दोन्ही मनापासून करून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

ठेका

ठेवून देऊ नका! तुम्ही जी रचना बसवताय ती शैलीच थंबपिकवर वाढलेली आहे.

ज्याला आपण ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतो ते अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या नावावरून. केंटकीतल्या म्यूलनबर्ग परगण्यातल्या वादकांकडून त्याने ते उचललं. त्याच्या अंगठ्यावर पिक आणि बाकी जवळजवळ सगळं काम एकट्या तर्जनीचं. चेट ॲटकिन्सने त्याला तरुणपणी रेडिओवर ऐकलं. रेडिओवर हात थोडेच दिसतात? एवढं सगळं एका बोटात होत असेल हे त्याच्या मनातही आलं नाही, म्हणून त्याने अंगठा आणि तीन बोटांची आपली पद्धत घडवली. अंगठ्यावरचं पिक मात्र दोघांनीही सोडलं नाही. जेरी रीड तर नायलॉनच्या तारांवरही थंबपिक लावायचा. टॉमी इमॅन्युएलचा अंगठा बघा, बहुतेक वेळा त्यावर पिक असतं.

यामागे कारण आहे. या शैलीत तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या पोटावर तारा बांधलेल्या असतात ती पट्टी) टेकवून बासच्या तारा अर्धवट दाबून ठेवतात. दाबलेली तार चटकन विझते, म्हणजे सुराची पहिली टोचणी हाच सगळा ठोका. ती टोचणीच मऊ असेल तर हाती नुसतं धप्प उरतं. पिकची धार आणि तळहाताचा दाब एकत्र आले की मगच तो नाचरा बास मिळतो. तुमचा ओला कपडा तिथेच सुकेल.

महिनाभर फक्त पिक लावूनच वाजवा. उघड्या अंगठ्याकडे परत वळूच नका.

सहावी_तार

ठेका, धन्यवाद. तळहात टेकवून बघितला. बास खरंच बदलला. पण हात ब्रिजपाशी गेला की बोटांखालच्या तारा ताठ लागतात आणि चाल किरकिरी होते.

मंद्रसप्तक

ठेका यांनी घेतलेली नावं थोरच आहेत, पण ती अर्धीच यादी झाली.

मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ ची रेकॉर्डिंग ऐका. तोच आलटून-पालटून बास, घड्याळासारखा, आणि हात पूर्ण उघडा. त्यानंतर पस्तीस वर्षं तो विस्मृतीत गेला. १९६३ मध्ये लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं, तेव्हाही त्याचा अंगठा तसाच चालत होता. वेस माँटगोमेरी जॅझ वाजवायचा तो अंगठ्याच्या मांसल भागाने. मार्क नॉप्फ्लर इलेक्ट्रिक गिटारवर अंगठा आणि दोन बोटं वापरतो, पिक नाही. त्यामुळे उघड्या अंगठ्याला ठोकाच नसतो, हे मला मान्य नाही.

सहावी_तार, ओला कपडा हा उघड्या अंगठ्याचा दोष नाही, तुमचा अंगठा तारेला कुठे लागतो त्याचा आहे. माझा अंदाज असा की तुमची पेराची मऊ उशी तारेवर पडते. हात थोडा असा वळवा की अंगठ्याची बाहेरची कड, नखाच्या कोपऱ्यालगतची, जिथे कातडीखाली लगेच टणक लागतं, ती तारेला भिडेल. दुसरं म्हणजे तार बाहेर ओढू नका. ती गिटारच्या पोटाच्या दिशेने दाबा आणि मग सोडा. अंगठा सुटून पुढच्या तारेवर विसावला पाहिजे. सहावी वाजवून पाचवीवर टेकायचं. अशी दाबून सोडलेली तार गिटारची पाटी हलवते, ओढलेली तार नुसती फडफडते. हे आठ दिवस करून बघा आणि मग पिकचा निर्णय घ्या.

उघड्या अंगठ्याने मिळतं ते दुसऱ्या कशाने मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं. तार सुटण्याआधीचा तो क्षण अंगठ्याला कळतो. तिचे वेढे कातडीला जाणवतात, ती किती ताणली गेलीय ते समजतं, आणि त्यावरून सूर केवढा येणार ते वाजायच्या आधीच ठाऊक असतं. सूर नको असला तर तोच अंगठा अलगद परत टेकवून तार मुकी करता येते. पिकने तार मुकी करायला गेलात तर पातं तिला शिवताना टिक् असा आवाज होतो. उघडा अंगठा वरच्या दिशेनेही तारा झाडू शकतो, पिकचं पातं तिथे अडतं.

जाता जाता, हा वाद पिकच्याही आधीचा आहे. पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोन स्पॅनिश गिटारवादक जवळचे मित्र होते. सोर नखांच्या विरोधात, आग्वादो नखांनी वाजवणारा. सोरने दोघांनी मिळून वाजवण्यासाठी एक युगुलरचनाही केली आणि तिचं नावच 'दोन मित्र' ठेवलं. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. आग्वादोने आपल्या १८४३ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की सोरला ऐकल्यावर त्याने बोटांची नखं ठेवली, पण अंगठ्याला नख वापरणं सोडलं, कारण खर्जाला अंगठ्याचं मांसच शोभतं असं त्याला पटलं.

ठेका

आग्वादोची गोष्ट माहीत नव्हती, फार छान. पण त्याच्या गिटारला बारीक तारा आतड्याच्या आणि खर्जाच्या तारा रेशमावर धातूचे वेढे दिलेल्या होत्या. ५३ ची, स्टीलवर ब्राँझचे वेढे असलेली तार आणि रेशमाच्या गाभ्याची तार यांना एकच न्याय कसा लावणार?

मंद्रसप्तक

बरोबर, तारेचा फरक मोठा आहे. पण हर्टच्या तारा स्टीलच्याच होत्या.

जुनी_खुंटी

धागा आजच पाहिला. मी पहिली बारा वर्षं उघड्या अंगठ्याने वाजवलं, नंतरची नऊ थंबपिक लावून, आणि आता रचना बघून ठरवतो. सविस्तर लिहितो, कारण सहावी_तार यांच्या चारही अडचणी मी शब्दशः भोगल्या आहेत, आणि त्या चार नसून एकच आहे असं माझं मत आहे.

आधी तर्जनीचं बघू. गिटार मांडीवर घ्या, पिक न लावता हात नेहमीसारखा तारांवर ठेवा. अंगठा सहाव्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. आता हात न हलवता दुसऱ्याला अंगठ्यावर पिक चढवायला सांगा. पातं सहाव्या तारेच्या खाली पार खोल गेलेलं दिसेल. पिकने तुमचा अंगठा लांब केलाय. तेवढं पातं तारेतून ओढून काढायचं तर एकतर ते पाचव्या तारेत अडकणार, नाहीतर तुम्ही नकळत मनगट वर उचलणार. मनगट उचललं की बोटं तारांपासून चार-पाच मिलिमीटर दूर जातात. तीन वर्षं जिथे तार असायची तिथे आता हवा आहे. तर्जनी चुकत नाहीये, तिच्याखालची जागा बदललीय.

यावर सवय हा उपाय नाही. पातं कापा. विकत मिळणाऱ्या बहुतेक पिकांचं पातं आपल्यासारख्यांना लांब पडतं. नेलकटरने थोडं थोडं कापत जा, एकदम नको. दरवेळी वाजवून बघा. टोक तारेखाली दीड-दोन मिलिमीटरच जावं, तेवढं पुरतं. कापल्यावर कड बारीक सँडपेपरने गोल करा आणि मग जाड कापडावर घासून गुळगुळीत करा. हे शेवटचं काम टाळू नका. कापलेल्या कडेला डोळ्यांना न दिसणारे दाते राहतात आणि ते वेढ्याच्या तारेवर खरखरतात. नखाने कड चाचपून बघा, नख कुठेही अडता कामा नये.

आता पिक फिरण्याबद्दल. ते बहुतेक चुकीच्या जागी बसलेलं असतं. पट्टा पेराच्या सांध्यावर नको, पुढे नखाच्या मुळाशी हवा, म्हणजे त्याचा थोडा भाग नखावर येतो. नख कडक असतं, पिकला तिथे आधार मिळतो. आणि ते तुमच्या अंगठ्याच्या मापाचं करून घ्या. प्लास्टिकचं पिक चमच्यात धरून नुकत्याच उकळलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचं. पट्टा मऊ पडतो, कडा आपोआप सैलावतात. बाहेर काढून पटकन पुसायचं, भाजणार नाही इतपत निवलं की अंगठ्यावर चढवायचं, हव्या त्या मापाला दाबून धरायचं आणि अंगठ्यासकट गार पाण्यात घालायचं. याच वेळी पातंही किंचित पिळून घ्यावं. आपला हात गिटारवर तिरका येतो, त्यामुळे पातंही तारेला तिरकं घासतं आणि खरखर होते. पातं तारेला समांतर पडेल इतपत पीळ दिला की सूर स्वच्छ होतो. काही जातीचं प्लास्टिक गरम पाण्याला दाद देत नाही, त्याच्या मागे लागू नका. आणि लायटर किंवा गॅसवर पिक अजिबात धरू नका. पुष्कळ पिकं सेल्युलॉइडची असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.

इतकं करून अंगठा जांभळा पडत असेल तर पिक लहान आहे. मोठं माप घ्या आणि आतली बाजू सँडपेपरने खरबरीत करा.

राहिला तो बास आणि चालीचा प्रश्न. खरं काम इथे आहे.

पिकचं टोक अरुंद आणि कडक असतं. त्याने छेडलेल्या तारेतून वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) भरपूर निघतात, सूर झगझगीत होतो. बोटाचं मांस रुंद आणि मऊ असतं, ते सुटतासुटताच वरचे स्वरांश पुसून टाकतं. आता तुमचा हात बघा. जिथे सूर गडद हवा त्या बासवर कडक पिक, आणि जिथे चाल उजळून दिसायला हवी त्या बारीक तारांवर मऊ मांस. सगळं उलटं झालं! फोनने तुम्हाला अगदी खरं तेच ऐकवलं.

म्हणूनच पिक लावणारे तळहात टेकवतात. ठेका यांनी त्याची ठोक्याची बाजू सांगितली, मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तळहाताचा दाब पिकची चमक मारतो. पिकने आणलेला उजेड तळहात पुन्हा झाकतो, आणि हातात राहते ती फक्त ठोक्याची नेमकी सुरुवात. पण दाब ब्रिजच्या खोगिरापासून (तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) दोन-तीन मिलिमीटरच्या आतच हवा. त्याहून पुढे सरकलात तर सूरच मरतो. आणि तळहाताची करंगळीकडची कड फक्त सहावी, पाचवी आणि चौथीवर टेकवा. अख्खा हात मागे नेऊ नका. मनगटात किंचित बाक ठेवला की बोटं साऊंडहोलकडे (पोटावरच्या गोल भोकाकडे) पोचतात आणि चाल किरकिरी होत नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि तिला वेळ लागतो. पिक लावल्यावर लहान आवाजात वाजवायला शिकावं लागतं. बहुतेकजण ते मोठ्या आवाजासाठी लावतात आणि तिथेच फसतात. मी असं करायचो: आधी फक्त चाल बोटांनी वाजवायची, सहज जेवढी मोठी येईल तेवढी, ताण न घेता. तो आवाज कानात ठेवायचा. मग मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून नुसता बास, आणि तो चालीच्या खाली बसेपर्यंत लहान करत जायचा. लहान करायचा म्हणजे अंगठा ढिला सोडायचा नाही, त्याची फेक लहान करायची. अंगठा पुढच्या पेरातून वाकता कामा नये. तो तळहाताला जिथे जोडलाय त्या मुळातून हलला पाहिजे, पेर सरळ राहिलं पाहिजे. पेरातून वाकणारा अंगठा प्रत्येक ठोक्याला हूक मारतो, आणि मग बास लहान होणं शक्य नसतं. मला या एका गोष्टीला तीन महिने लागले.

मंद्रसप्तक यांनी उघड्या अंगठ्याबद्दल जे लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आधी तेच करून बघा, मीही तसंच सांगेन. फक्त एक विचार करा. तुमच्या रचनेत अंगठ्याला नेमकं काय करायचंय? एकच ठेका शेवटपर्यंत धरायचाय, की मध्येच चाल उचलायचीय, तारा मुक्या करायच्यात, वर झाडायचंय? पहिलं असेल तर पिक, दुसरं असेल तर उघडा. मी तरी असंच ठरवतो.

निषाद

जुनी_खुंटी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

मी आधी सतार वाजवायचो, आता गिटार. सतारीची नखी तर्जनीवर चढवतात, तारेची असते आणि चांगली घट्ट बसवावी लागते. सुरुवातीला बोटावर वळ उठतात. त्यामुळे थंबपिकही तसंच रुतलं पाहिजे अशी माझी समजूत होती आणि मी अंगठा बधिर होईपर्यंत वाजवत राहिलो. थंबपिकचा रुंद पट्टा अंगठ्याला विळखा घालतो, तो तेवढा आवळायची गरज नसते. मोठ्या मापाचं घेऊन आतून खरबरीत केलं आणि सुटलो.

मिताक्षरी

मला नखांबद्दल विचारायचंय. थंबपिक लावलं तर बोटांची नखं वाढवावीच लागतात का? माझी पातळ आहेत, स्टीलच्या तारांवर आठवडाभरात तुटतात. पहिल्या तारेला अडकून मधल्या बोटाचं नख पार आतपर्यंत फाटलं होतं.

मंद्रसप्तक

वाढवायलाच हवीत असं नाही. फाटण्याचं कारण बहुतेक वेळा लांबीपेक्षा आकारात असतं. नखाचा कोपरा तारेत अडकतो. तार नखावर जिथून चढते आणि जिथून सुटते ती वाट गुळगुळीत, चढासारखी असली पाहिजे. बोट डोळ्यांसमोर आडवं धरून नखाची कड तपासा. मध्ये कुठे खाच किंवा टोक दिसलं तर कानशीने काढा आणि मग अगदी बारीक सँडपेपरने, ज्याला हात लावल्यावर कागदासारखं वाटतं, तसल्याने कड घोटा. लांबी एवढीच ठेवा की तारेला आधी मांस लागेल आणि सुटताना नख. क्लासिकल गिटारवादक सेगोव्हिया मांस आणि नख असं मिळूनच वाजवायचा. त्याने सूर भरीवही येतो आणि नखावर सगळा भारही पडत नाही.

काही क्लासिकल वादक तुटलेल्या नखाखाली पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा चिकटवून कार्यक्रम निभावतात. काही ॲक्रिलिकची नखं लावून घेतात. ती टणक असतात, पण त्यांच्याखालचं स्वतःचं नख हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे मधूनमधून नखाला विश्रांती द्यावी.

आणि नखं नसली तरी चालतं. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगाने आयुष्याच्या उत्तरार्धात नखं कापून टाकली आणि नुसत्या बोटांनी वाजवलं.

ठेका

मिताक्षरी, बोटांना धातूची पिकंही मिळतात. रेव्हरंड गॅरी डेव्हिस अंगठ्यावर एक आणि तर्जनीवर एक पिक लावून वाजवायचा, आणि दोन बोटांत केवढा पसारा मांडायचा! जुनी_खुंटी म्हणतात तो बास-चालीचा उलटा हिशेब त्याने सरळ होतो, कारण चालही तेवढीच उजळ होते. पण चारही बोटांना धातू चढवला की हलकं काही वाजवणं कठीण जातं, हे मान्य करतो.

आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो. महिनाभर उघड्या अंगठ्याकडे वळूच नका असं लिहायला नको होतं.

स्वरदा

एक काळजीची गोष्ट. मला पिकचा सराव वाढवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागलं. आधी वाटलं सवय नाही म्हणून दुखतंय. रेटलं, आणि नंतर दोन महिने गिटार बंद ठेवावी लागली. पिक निसटेल या भीतीने मी अंगठा सतत आवळून धरत होते. सैल पिक असलं की हात नकळत हेच करतो.

अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकी आठवतो. तो सुरुवातीची बरीच वर्षं फिंगरपिक लावून फार जोरकस वाजवायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या उजव्या हाताचे स्नायुबंध दुखावले. त्याने पिकं सोडली आणि बोटांनी वाजवायची सगळी पद्धत नव्याने उभी केली. प्रत्येकाला पिकने असं होतं, असं मी म्हणत नाही. पण बोटांचं टोक हुळहुळणं वेगळं आणि सांध्यात किंवा मनगटात दुखणं वेगळं. दुसरं झालं तर त्या क्षणी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. वीस मिनिटांच्या वर नवं पिक लावून एका बैठकीत वाजवू नका.

सहावी_तार

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलेय. तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंत ते कागदावर उतरवून गिटारच्या स्टँडजवळ लावलं होतं.

पहिले दोन आठवडे पिकला हातच लावला नाही. मंद्रसप्तक, तुमचा अंदाज अचूक निघाला. माझी पेराची उशीच पडत होती. कड भिडवायला हात जेमतेम दहा-बारा अंश वळवावा लागला. पण पाचवीवर टेकवायचं जमायला नऊ दिवस लागले, कारण माझा अंगठा वाजवून झाल्यावर सवयीने वर उडायचा. दहाव्या दिवशी सहावी तार अशी वाजली की मीच थांबले. पोटाला टेकलेली गिटार आतून थरथरली, ते छातीपर्यंत जाणवलं. इतकी वर्षं ती तार माझ्याकडे होती आणि मला तिचा आवाज माहीत नव्हता.

मग पिक. तीन कापली. पहिलं फारच आखूड झालं, ते गेलं. दुसऱ्याची कड मी घोटली नाही, आणि जुनी_खुंटी म्हणाले तशीच खरखर आली. तिसरं नीट जमलं. गरम पाण्यात पातं पिळून घेतल्यावर पाचवीत अडकणं जवळजवळ थांबलं. तर्जनीही परत जागेवर आली, आणि तिला शोधायला मला काहीच करावं लागलं नाही. मनगट खाली आलं आणि तार पूर्वीच्याच जागी होती.

आवाज लहान करणं अजून जमलेलं नाही. मेट्रोनोम ६० वर जमतं, ७२ वरही जमतं. ८४ ला अंगठ्याचं पेर वाकायला लागतं आणि बास पुन्हा डोकं वर काढतो. आता अंगठ्याच्या पेरावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून वाजवतेय, पेर वाकलं की ओढ बसते आणि कळतं.

काल दोन्ही प्रकारे रेकॉर्ड केलं. ठेक्याची रचना पिकने वाजवलेलीच चांगली वाटते, मंद गतीत का होईना. सहावी तार 'डी'ला उतरवून वाजवायची एक संथ रचना आहे, तिच्यात अंगठा मध्येच चाल उचलतो. तिथे पिक लावलं की चालीचे ते चार सूर परके वाटतात. ती उघड्या अंगठ्यानेच वाजवणार.

एकच अडचण राहिलीय. एका मागोमाग दोन्ही रचना वाजवल्या तर दुसऱ्या रचनेचे पहिले आठ-दहा ठोके चुकतात. हात आधीच्याच अंतरावर राहतो. तुम्ही अदलाबदल कशी करता?

जुनी_खुंटी

वाचून फार बरं वाटलं. चिकटपट्टीची युक्ती मीही करून बघणार.

अदलाबदलीचं सांगतो. पिक चढवलं किंवा काढलं की लगेच वाजवायला जाऊ नका. आधी तिन्ही बोटं त्यांच्या तारांवर ठेवा, तर्जनी तिसरी, मधलं दुसरी, अनामिका पहिली. बोटं टेकलेली असतानाच अंगठा सहावीवर आणा आणि तिथे टेकवा. म्हणजे हाताचं अंतर बोटं ठरवतात आणि अंगठा, पिक असो नसो, त्याला जुळवून घेतो. आपण बहुतेक उलटं करतो, अंगठा आधी ठेवतो, आणि मग पिकच्या लांबीएवढा सगळा हात सरकतो. बोटं आधी ठेवून, न वाजवता, असं पाच-सहा वेळा हात उचला आणि पुन्हा ठेवा. मग सुरू करा.

८४ ची घाई नको. मधे ७६ वर आठवडाभर राहा. तिथे पेर सरळ राहिलं की दोन-दोनने चढवा. आणि ८० ला पोचलात की रेकॉर्डिंग इथे टाका, ऐकायचंय.

सहावी_तार

बोटं आधी, अंगठा नंतर. आत्ताच करून पाहिलं, तिसऱ्या खेपेला ठोका बरोबर पडला. ८० झालं की टाकते.